जोडीनं येतो

आमच्याकडं नवरा आणि बायको मिळून एक कोयता होतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढं मी केलेला गाढवपणा वाचणाऱ्याला कळायचा नाही. दसरा उलटला की ऊसतोडीचा मुकादम गावात यायचा, दारात उभा राहायचा आणि विचारायचा, "किती कोयते?" आमचे दादा, म्हणजे वडील, सांगायचे, "एक." त्या एकात दादाही आले आणि आईही आली. दादा ऊस तोडणार, आई मोळ्या बांधणार आणि डोक्यावर वाहून गाडीत भरणार. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणायचे, आणि मुकादम असला अर्धा सहसा घ्यायचाच नाही.

असल्या घरातला मी परराष्ट्र सेवेत गेलो. तलवाड्याच्या बाजूच्या एका वस्तीवरचा पोरगा टाय बांधून परदेशी दूतावासात बसतो यावर गावात अजूनही काही जणांचा विश्वास नाही. माझा एक वर्गमित्र आजही विचारतो, "खरं सांग बे, तिथं नेमकं काय काम करतूस?" मी सांगायला लागलो की तो तंबाखू मळतो आणि शेवटी म्हणतो, "म्हंजे बोलायचा पगार घेतूस." तसं बघितलं तर बरोबरच आहे त्याचं.

त्यातनं बायकोही त्याच सेवेतली. ती धारूरची. किल्ल्याच्या पायथ्याला घर, बाजारात वडिलांचं भांड्यांचं दुकान. एकाच जिल्ह्यातले आम्ही दोघं, पण भेटलो दिल्लीत, प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी. मेसमध्ये मी भाजीला नावं ठेवत होतो, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "लई भूक लागलेली दिसत न्हाई." मी वळून बघितलं. तिथंच माझा निकाल लागला. गुणवत्ता यादीत ती माझ्या बरीच वर होती. म्हणजे सरकारी हिशेबानं ती माझी सीनियर, आजही आहे आणि निवृत्तीपर्यंत राहील.

लग्नानंतर मी तिला कोयत्याचं सांगितलं. मला त्याचा केवढा अभिमान! दुनियेत कुठं असं मोजमाप नसेल, म्हटलं, जिथं दोन माणसं एक धरतात. ती हसली. तेव्हापासून मी ऊठसूट म्हणायचो, "आपला एक कोयता." फॉर्म भरताना, सामान बांधताना, विमानात बसताना. ती ऐकून घ्यायची. मला वाटायचं तिलाही आवडतंय.

आमची पहिली नेमणूक एका कोरड्या, दगडाळ देशात झाली. उतरलो तेव्हा विमानतळाबाहेरची उघडी बोडकी माळरानं बघून मी म्हटलं, "च्यायला, एवढ्या लांब येऊन पुन्हा बीड जिल्हाच!" दूतावास लहान होता. राजदूतबाई, चार-सहा अधिकारी आणि आम्ही दोघं नवखे. मी व्हिसा आणि आपल्या लोकांच्या अडचणी बघायचो, ती व्यापार आणि शेतीचं काम.

मेजवान्यांना आम्हा दोघांना मिळून एकच कार्ड यायचं. मी मनात म्हणायचो, बघा, इथंही एकच कोयता. पण टेबलावर बसायची वेळ आली की नावाच्या चिठ्ठ्या पदानुसार मांडलेल्या असायच्या. ती वर मंत्र्यांच्या जवळ, मी खाली कुणाच्या तरी काकूंच्या शेजारी. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढं मी तिकडून तिचं बोलणं बघत बसायला लागलो, आणि खरं सांगतो, जेवणापेक्षा ते जास्त भारी असायचं.

माझं डोकं लवकर सटकतं. व्हिसाच्या खिडकीवर कुणी अरेरावी केली की माझा आवाज चढायचा, मग राजदूतबाई दाराशी येऊन नुसत्या चष्म्यावरून बघायच्या. बायकोचं तसं नव्हतं. ती समोरच्याला आधी बोलू द्यायची. चहा येऊ द्यायची, कप रिकामा होऊ द्यायची, आणि मग एकच प्रश्न विचारायची, जो त्याला टाळता यायचा नाही. मी एकदा विचारलं, हे कुठं शिकलीस? म्हणाली, "दुकानात. गिऱ्हाईक भांडं वाजवून बघत असतं तेव्हा मध्ये बोलायचं नसतं." दीड वर्षात ती तिथली भाषा अशी बोलायला लागली की भाजीवाले तिला दर कमी लावायचे आणि मला जास्त.

त्या सुमारास आपल्याकडं लागोपाठ पाऊस हुकला. आमच्याच भागातल्या एका सहकारी साखर कारखान्याचं संचालक मंडळ तिथली पाण्याची पद्धत बघायला आलं. सगळे मोठे बागायतदार, पुढारी. विमानतळावर त्यांनी मला मिठ्या मारल्या. "आपला मानूस!" म्हणाले. तिला नमस्कार घातला आणि पुढं तीन दिवस सगळे प्रश्न मलाच विचारले. आता मला पाण्यातलं काय कळतं? मी मान हलवायचो आणि तिच्याकडं बघायचो.

तिथं गावोगाव शेतकऱ्यांच्या पाणी सोसायट्या होत्या. एका गावात म्हातारा अध्यक्ष आम्हाला पाट दाखवत होता. आमचे चेअरमन म्हणाले, "याला इचारा, पानी कमी पडलं तर आधी कुनाला देता?" मी प्रश्न सरळ इंग्रजीत टाकला. म्हातारा हसला आणि काहीतरी गोड गोड सांगून मोकळा झाला. ती गप्प होती. दुपारी तिनं म्हाताऱ्याच्या घरच्या बायकांबरोबर भाकरीसारखी रोटी भाजली, म्हाताऱ्याशेजारी जमिनीवर बसली आणि त्याच्या भाषेत विचारलं, "मागच्या दुष्काळात कुणाचं पाणी तोडलं?" म्हातारा बराच वेळ बोलला. त्यांची रीत अशी होती की पाणी आटलं की पहिली पाळी पाटाच्या शेपटाला असलेल्या शेताची. सगळ्यात वरचं शेत, म्हणजे अध्यक्षाचं स्वतःचं, सगळ्यात शेवटी. त्या वर्षी त्याची झाडं जळाली होती. ती त्यानं आम्हाला दाखवली.

आमच्या सगळ्या संचालकांची शेतं कालव्याच्या तोंडाला! परत जाताना चेअरमन तिला हात जोडून म्हणाले, "मॅडम, तुमी आमच्या बोर्डावर या. पन या म्हाताऱ्याचं भाषनात सांगू नका." गाडीभर हशा पिकला. राजदूतबाईंनी मात्र हे सगळं नीट टिपून घेतलं होतं. दोन्ही देशांनी मिळून पाणी आणि शेती सोसायट्यांचं काम सुरू करायचं ठरलं आणि ते काम तिनं चालवावं, त्यासाठी तिला आणखी तीन वर्षं इथंच ठेवावं, असं त्यांनी दिल्लीला लिहिलं. एवढ्या लहान वयात कुणाला असं स्वतंत्र काम मिळत नाही. ती घरी आली आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तिनं ते मला दोनदा सांगितलं. मी तिला उचलून गरागरा फिरवलं.

मग एका दुपारी दिल्लीहून मला फोन आला. नेमणुका बघणारे साहेब होते. युरोपातल्या एका मोठ्या राजधानीत जागा निघाली होती. माझी मुदत संपत आलीच होती. साहेब म्हणाले, "तुझं नाव सुचवतोय. पण जागा एकच आहे. मिसेसचं काय?"

"काय म्हणजे? येतो की जोडीनं, सर."

"त्यांना बिनपगारी रजा घ्यावी लागेल."

"घेईल की."

दोन मिनिटंही लागली नाहीत. फोन ठेवला आणि मला आभाळ ठेंगणं झालं. घरी तिला सांगितलं नाही. कागद हातात आला की चकित करायचं, असा माझा बेत! तिचं पाण्याचं काम माझ्या ध्यानात नव्हतं असं नाही. होतं. पण डोक्यात असं होतं की जोडी तर एकच आहे, एकाचं भलं झालं की दोघांचं झालं.

दुसऱ्या दिवशी राजदूतबाईंनी तिला बोलावून घेतलं. दिल्लीहून त्यांना कळलं होतं. "तुम्ही जाताय याचं वाईट वाटतं," त्या तिला म्हणाल्या, "तुमचं नाव मला मागं घ्यावं लागेल. महिनाअखेरपर्यंत कागद थांबवते, पुढं माझ्या हातात नाही."

ती माझ्या खोलीत आली, दार लावलं आणि उभीच राहिली.

"तू हो म्हणालास?"

"हो."

"मला कधी विचारलंस?"

चूक कळली की मी आणखी जोरात बोलतो, ही माझी जुनी खोड. "अगं युरोप आहे! लोक जीव टाकतात! आणि आपण काय वेगळे आहोत? एक कोयता ना?"

"आमच्या बाजारात," ती म्हणाली, "गिऱ्हाईकाला न विचारता कुणी ताट बांधून देत नाही." आणि दार उघडून गेली. पुढचा आठवडा ती माझ्याशी बोलली ती फक्त कामाचं. फाईल कुठं आहे, ड्रायव्हर किती वाजता येतोय. त्यापेक्षा तिनं ताटं फेकली असती तरी चाललं असतं.

सुट्टीचं तिकीट आधीच काढलेलं होतं. ठरल्याप्रमाणं आम्ही गावी आलो. गेवराईपासून वस्तीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूला नुसती ढेकळं, बाभळीसुद्धा वाळलेल्या. वस्तीवर दिवसाआड टँकर येत होता. आईनं दारातच सुनेच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लई वाळलीस गं." माझ्याकडं बघून काहीच म्हणाली नाही. आईला दारातच कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई अंगणात ज्वारी निवडत बसली होती, दादा बाजेवर, बायको आईसमोर सूप घेऊन. मला वाटलं, हीच वेळ. आई आपल्या बाजूनं बोलणारच. मी सगळं सांगितलं आणि वर म्हटलं, "आता तूच सांग हिला. तू आन् दादा वर्षानुवर्षं जोडीनं गेलात का न्हाई? तू कधी कुरकुर केलीस का? मी तिसरीत होतो तवा मलाबी संगं नेलंतं. काय दिवस होते ते! उसाच्या पाचटाच्या कोपीत राहायचो, ऊस खाऊन खाऊन माझं तोंड सोललं होतं."

आईचा हात ज्वारीत थांबला. "त्या वर्सी?"

"हां."

"त्या वर्सी पाऊस न्हवता," आई बायकोकडं बघून सांगायला लागली, माझ्याकडं नाही. "म्हैस छावनीला बांधलीती. गावात बायांची दूध सोसायटी नुकतीच निगाली व्हती. दुदाची फॅट काडायला कुनी शिकलेलं पायजे व्हतं. मी सातवी पास. गेवराईला आठ दिस ऱ्हाऊन शिकून आले. खोलीची किल्ली माज्या कमरंला असायची. सकाळ-संध्याकाळ बाया दूध घिऊन यायच्या, मी नळीत घालून बगायची. पाटलाच्या घरचं दूध असू दे न्हाईतर आपल्या वस्तीवरचं, जे निगंल तेच मोठ्यानं सांगायची. पाटलीनबाई म्हनायची, थोडं वर सांग की. मी म्हनायची, नळी सांगती, मी न्हाई." आई हसली. दात दिसेपर्यंत हसली. तिला असं हसताना मी फार वेळा बघितलेलं नाही.

"मग?" बायकोनं विचारलं.

"मग काय. दीड महिना केलं. येक दिस सोसायटीतनं घरी आले, तर मुकादम यिऊन गेलता. ह्यांनी सांगितलं, येक कोयता."

दादा बाजेवर उठून बसले. ते कधी मध्ये बोलत नाहीत. "मला वाटलं," ते म्हणाले, "येनारच की ती."

"आले की. न यिऊन कुटं जाती?" आईनं पुन्हा ज्वारीत हात घातला. "किल्ली परत दिऊन आले. दुसरं कुनी शिकलेलं न्हवतं. उन्हाळ्यात सोसायटी बंद पडली."

दादांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "तू कावून बोलली न्हाईस मला?"

"तुमी कावून इचारलं न्हाई?"

मला कुठं तोंड लपवावं कळेना. नोकरीच्या मुलाखतीत मी आईच्या मोळ्यांची गोष्ट सांगितली होती. चिखलातून, काट्यांतून मोळी वाहणारी आई. समोरचं अख्खं मंडळ ऐकत राहिलं होतं, आणि मला वाटतं माझी निवडही त्या गोष्टीवर थोडीफार झाली असेल. ती गोष्ट खोटी नव्हती. पण कमरेला किल्ली लावलेली, पाटलीणबाईला ऐकवणारी आई मला ठाऊकच नव्हती. इतकी वर्षं मी तिचं कौतुक करत हिंडलो आणि तिला एक प्रश्न विचारला नाही. लाज वाटली, साफ लाज वाटली.

पुढच्या सकाळी टँकर आला. मी उठलो तेव्हा बायको आणि आई घागरी घेऊन गेलेल्या. पोहोचलो तर नळीवर नेहमीची भांडणं नव्हती. बायकोनं काय केलं होतं कुणास ठाऊक, पण लांबच्या शेवटच्या झोपड्यांमधल्या बाया पुढं होत्या आणि रस्त्यालगतच्या घरातल्या मागं. आमची घागर सगळ्यात शेवटी. एक म्हातारी कुरकुरत होती, पण रांगेतच उभं राहून कुरकुरत होती. मी दोन मिनिटं लांबूनच बघत राहिलो. या बाईला रजेवर घालून युरोपात पडदे निवडायला लावणार होतो मी!

जवळ गेलो. म्हटलं, "तुला एक विचारायचंय."

"इथं?"

"इथंच. नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही. तुझं काम सोडून युरोपला येतेस का माझ्याबरोबर?"

तिनं हातातली कळशी खाली ठेवली. आठवड्यात पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. "नाही," ती म्हणाली.

बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मीही हसलो, दुसरं काय करणार? म्हटलं, "मग मी राहू का तुझ्याकडं? रजा घेऊन?"

"घरी बसून डोकं शांत ठेवशील?"

"सांगता येत नाही."

तिनं कळशी उचलून पुन्हा कडेवर घेतली. "रहा," म्हणाली. "पण भाजी तू आणायची. मला भाव कमी लावतात म्हणून माझ्यावर ढकलायची नाही."

तिथंच टँकरच्या चाकाशी उभं राहून मी दिल्लीला फोन लावला. साहेबांना सांगितलं की चूक माझी होती, मी बायकोला न विचारताच हो म्हटलं होतं. ती तिथंच राहील आणि बिनपगारी रजा मी घेईन. साहेब म्हणाले, "तू? असली जागा पुन्हा नाही मिळायची, सांगून ठेवतो." मी म्हटलं, "ठाऊक आहे, सर." आणि खरंच, नाही मिळाली.

शेवटी आमची पाळी आली, आईची घागर भरली, बायकोचं पाणी अजून भरायचं होतं. मी आईबरोबर पुढं निघालो. तिच्या डोक्यावर भरलेली घागर, एक हात कडेला, मोळ्या वाहताना असायचा तसा. वाट चढाची होती. थोडं चालल्यावर मी विचारलं, "माय, त्या वर्षी दादांनी तुला विचारलं असतं, तर तू काय म्हणली असतीस?"

आई चालत राहिली.

"चला, म्हनले असते," ती म्हणाली. "घरात दाना न्हवता. जायाच लागलं असतं." चार पावलं गेल्यावर तिनं मान न हलवता डोळ्यांच्या कोपऱ्यातनं माझ्याकडं बघितलं. "पन ते मी म्हनले असते."

काय करावं सुचेना म्हणून तिच्या डोक्यावरची घागर घ्यायला मी हात पुढं केला.

"इचारलंस का?" आई म्हणाली.

मी थांबलो. विचारलं. आणि तिनं घागर माझ्या खांद्यावर दिली.